हुशार मुलें वेंचून वर्ग मोकळा होत नाहीं



गेल्या महिन्यांत बोरिवलीकडील एका शाळेंत पालकांची सभा भरली होती. मी खाडीपलीकडच्या एका गांवांतला मास्तर. आमच्या शाळेंत पांचवीपर्यंतच वर्ग आहेत. सहावीपासून आमचीं मुलें होडीनें खाडी ओलांडून अलीकडच्या मोठ्या शाळेंत येतात. त्यांच्या आईबापांबरोबर मीहि सभेला गेलों. सहावीच्या वर्गांत सत्तर मुलें आहेत, एकेका बांकावर तीन व कोठें कोठें चार बसतात, मागच्यांना फळा दिसत नाहीं व मास्तरांना मागचीं मुलें दिसत नाहींत, अशी तक्रार पालकांनीं मांडली. त्यावर व्यासपीठावरील एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनीं उपाय सुचविला. तो असा कीं, उपनगरांत ठिकठिकाणीं बुद्धिमान मुलांसाठीं खास वर्ग काढावे, जे आहेत ते वाढवावे, आणि प्रत्येक शाळेंत परीक्षा घेऊन वरचीं दहाबारा मुलें तिकडे न्यावीं. म्हणजे हुशार मुलांचें कल्याण होईल व मागच्या वर्गांतली गर्दीहि कमी होईल. एका दगडांत दोन पक्षी! सभेंत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणारांत आमच्या गांवचेहि लोक होते.

परत येतांना होडींत एक कोळीण बाई मला म्हणाली, "मास्तर, त्या धा जणांत माझी पोर असंल का?" तिला मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. तें आज सर्वांसमक्ष देतों.

आधीं हिशेब पाहूं. आपणां कष्टकऱ्यांना हिशेब शिकवावा लागत नाहीं. तो आपण रोज करितों. वर्गांत सत्तर मुलें आहेत. त्यांतलीं दहा खास वर्गाला गेलीं तर मागें साठ राहतात. जेथें चौघे बसत होते तेथें तिघे बसतील, एवढाच फरक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गाला दर पस्तीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें ठरवून दिलें आहे, आणि हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सत्तरांचे पस्तीस करावयाचे असतील तर दहा नव्हे, पस्तीस मुलें बाहेर न्यावीं लागतील. अर्ध्या वर्गाला असामान्य बुद्धीचा कोण म्हणणार? आणि म्हटलें तर मग निवडण्याला अर्थ काय उरला?

दुसरी गोष्ट अशी कीं, खास वर्गाला खोली लागते व शिक्षक लागतो. तीं दोन्ही आकाशांतून पडत नाहींत. ज्या थैलींतून आपल्या शाळेचा पगार निघतो, त्याच थैलींतून तींहि येतात. समजा, तीन शाळांतून दहादहा मुलें वेंचून तीस मुलांचा एक खास वर्ग काढला. तीस मुलांना स्वतंत्र खोली व स्वतंत्र मास्तर मिळाला. आणि तिन्ही शाळांत साठसाठ मुलें एकेका मास्तरापुढें कोंबलेलीं राहिलीं. तीच खोली व तोच मास्तर त्या तिन्हींपैकीं एका शाळेला दिला असता, तर तेथें सत्तरांचे दोन वर्ग पस्तीस-पस्तीसांचे झाले असते. म्हणजे एका शाळेची तरी अडचण पुरी मिटली असती. म्हणून गर्दी जी हटते ती खोलीनें व शिक्षकानें हटते. निवडीनें ती तसूभरहि हटत नाहीं. निवड मध्यें घातली म्हणजे नवी खोली कोणाला मिळाली एवढेंच बदलतें.

ही गर्दी झाली कशी, हेंहि थोडें समजून घेतलें पाहिजे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली हीं एके काळीं साष्टींतलीं भातशेतीचीं, मिठागरांचीं व मासेमारीचीं गांवें. अंधेरी-घाटकोपरचा भाग १९५० सालीं आणि बोरिवली-मुलुंडचा भाग १९५७ सालीं मुंबई महापालिकेच्या हद्दींत आला. पुढें कोंकणांतून, देशावरून व परप्रांतांतून पोटासाठीं आलेले लोक घाटकोपर-भांडुपच्या टेंकड्यांवर राहिले. या शतकाच्या आरंभीं रेल्वे व रस्त्यांच्या कामासाठीं उठविलेलीं हजारों कुटुंबें मानखुर्दसारख्या ठिकाणीं नव्या इमारतींत नेऊन ठेविलीं. माणसें नेलीं, पण त्या प्रमाणांत शाळा नेल्या नाहींत. महापालिकेच्या प्राथमिक शाळा पुष्कळ, माध्यमिक शाळा मात्र थोड्या. त्यामुळें लहान शाळांतून निघालेलीं मुलें मधल्या इयत्तांत येऊन एकाच ठिकाणीं तुंबतात. चार ओढ्यांचें पाणी एका मोरीखालून जावें तसें. मोरी रुंद केली नाहीं तर पाणी शेतांत शिरणारच. पाण्यांतलें वरचें ओंजळभर काढून घेऊन शेत वांचत नाहीं.

याच शहरांत दुसरेंहि चित्र दिसतें. महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात व एकाच इमारतींत दोनतीन माध्यमांच्या शाळा भरतात. एका मजल्यावर मुलें मावत नाहींत आणि दुसऱ्या मजल्यावर मराठी शाळेचे वर्ग ओस पडत चालले आहेत, असें अनेक ठिकाणीं आहे. खोल्या नाहींतच असें नाहीं. त्या कोणी मोजीत नाहीं. ज्या इमारतींत कुलूप लावलेली खोली आहे, त्या इमारतींत सत्तरांचा वर्ग असणें हा बुद्धिमत्तेचा प्रश्न नव्हे. तो किल्ली कोणाच्या हातीं आहे याचा प्रश्न आहे.

आतां माझी स्वतःची एक चूक सांगतों. कारण दुसऱ्याला शहाणपण सांगणारानें आधीं आपलें खातें उघडावें. मराठी अध्यापक विद्यालयांतून शिकून मी या कामाला लागलों, त्याला वीस वर्षें होऊन गेलीं. आरंभींच्या काळांत मी दुसऱ्या एका शाळेंत होतों व सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. वर्ग असाच भरगच्च. एके दिवशीं वरून आज्ञा झाली कीं, हुशार बारा मुलांची यादी करा. त्यांना वेगळें बसवून शिष्यवृत्तीची तयारी करून घ्यावयाची आहे. मीं गुणांचा तक्ता पुढें ठेवून यादी केली. कोणावर अन्याय करावा असें माझ्या मनांत नव्हतें. पण यादी भिंतीवर लावल्यावर नांवें पुन्हां वाचलीं, तेव्हां ध्यानांत आलें कीं त्या बारांतलीं बहुतेक मुलें खासगी शिकवणीला जाणारीं होतीं, आणि जीं जात नव्हतीं त्यांच्या घरीं आई किंवा बाप अभ्यास घेणारा होता. मीं बुद्धि मोजली असें मला वाटत होतें. प्रत्यक्षांत मीं घरें मोजलीं होतीं.

त्या वर्गांत होड्यांची डागडुजी करणाऱ्या एका सुताराचा मुलगा होता. फळी किती कमी पडेल हें तो नुसत्या नजरेनें सांगे, आणि बापानें मापून पाहिलें तर बोटभरहि फरक निघत नसे. पण वहींत अपूर्णांकाचें उदाहरण त्याला मांडतां येत नसे. कारण गणिताचा तास पहिला, आणि सकाळीं घरचें पाणी भरणें त्याच्याकडे. तो रोज उशिरां येई. यादींत त्याचें नांव आलें नाहीं. यादी लागल्यानंतर वर्गाची रीतच बदलली. अवघड प्रश्न विचारला कीं मागचीं मुलें म्हणत, "तो वरच्यांना विचारा." मीहि हळूहळू वरच्यांनाच विचारूं लागलों. सातवीच्या मध्यावर त्या मुलानें शाळा सोडली.

पुष्कळ वर्षांनीं तो मला होडींत भेटला. हातांत हत्यारांची पिशवी होती. बोलतां बोलतां म्हणाला, "सर, तुम्ही यादी लावली ना, तेव्हां मला वाटलं, शाळा त्यांची आहे. मग मी कशाला यायचं?" त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. धक्का आला तसा तो पिशवी उचलून उतरून गेला. मी मात्र त्या दिवसापासून कोणत्याहि वर्गांत यादी लावलेली नाहीं.

हा विचार कांहीं माझ्याच डोक्यांतून निघालेला नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं निवेदन दिलें. शेतकऱ्याच्या घामांतून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो व रयतेचें प्राथमिक शिक्षण उपाशी राहतें, हा त्यांतला मुख्य मुद्दा पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच निवेदनांत शिष्यवृत्त्यांविषयीं एक गोष्ट आहे, तिकडे फारसें कोणी पाहत नाहीं. चढाओढीच्या परीक्षेनें शिष्यवृत्त्या देण्याची रीत वरवर न्यायाची दिसली, तरी तिनें मागें राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार होत नाहीं. म्हणून ज्यांच्यांत शिक्षण पोंचलेंच नाहीं त्यांच्यासाठीं कांहीं शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्या, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें होतें. वरच्या थोड्यांना शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपत येईल, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत होती. ती खालीं किती झिरपली, हें आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे सांगतील. आतां 'बुद्धिमान मुलांसाठीं खास वर्ग' या नव्या अंगरख्याखालीं तीच समजूत पुन्हां आपल्या दारीं आली आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, मग गरिबाच्या हुशार पोरानें काय करावें? त्यानें सत्तरांत कुजत राहावें काय? हा प्रश्न रास्त आहे व मी तो टाळीत नाहीं. सरकारनें १९८५-८६ सालीं नवोदय विद्यालयें सुरूं केलीं. पहिल्या दोहोंपैकीं एक हरियाणांतल्या झज्जरला व दुसरें आपल्याच अमरावतीला निघालें. सहावीला परीक्षा घेऊन ऐशीं मुलें निवडतात, निदान पाऊणशें टक्के जागा खेड्यांतल्या मुलांना देतात, राहणें-जेवणें फुकट. त्या शाळांनीं अनेक शेतकऱ्यांचीं मुलें वर काढलीं, हें खरें आहे आणि तें कबूल केलें पाहिजे. २००८ पासून आठवीच्या मुलांसाठीं केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ति आहे. तिचे वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. ज्या घरांत वहीपुस्तकाला पैसा नाहीं, तेथें हे बारा हजार शाळा टिकवितात. या गोष्टी बंद कराव्या असें मी म्हणत नाहीं. पण एका जिल्ह्यांत ऐशीं जागा हें गर्दीवरचें औषध आहे, असें नवोदय काढणारांनींहि कधीं म्हटलेलें नाहीं. औषध एका रोगाचें व चिठ्ठी दुसऱ्याच रोगाची, असा हा प्रकार होऊं नये.

गरिबाच्या मुलाला खरें काय कमी पडतें, हें आपल्या थोर माणसांनीं फार आधीं ओळखलें होतें. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा बोर्डिंग काढलें व पुढें निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहांची रांग लावली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. १९१७ सालीं त्यांनीं आपल्या संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेविला. वसतिगृह होतकरू मुलासाठीं, आणि शाळा सर्वांसाठीं. एकाच्या नांवावर दुसरें टाळलें नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ सालीं साताऱ्याला वसतिगृह सुरूं केलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवलीं. बसायला जागा, पोटाला भाकर व अभ्यासाला दिवा, हें दिलें म्हणजे बुद्धि कोठे कोठे दडलेली आहे तें आपोआप दिसूं लागतें. आधीं चाळणी लावली तर ती दिसत नाहीं.

चाळणीचें पुढें काय होतें हें परदेशांतहि लोकांनीं पाहून घेतलें आहे. इंग्लंडमध्यें १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर मुलाच्या अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन थोडीं मुलें वरच्या दर्जाच्या शाळांत व बाकीचीं साध्या शाळांत घालीत. अकरा वर्षांच्या मुलाचें नशीब एका दिवसांत ठरे. मजुरांचीं बहुतेक मुलें साध्या शाळांत जात. वीस वर्षें हा अनुभव घेतल्यावर १९६५ सालीं तेथल्या सरकारनें स्थानिक शिक्षणमंडळांना ही वांटणी मोडून सर्वांच्या एकत्र शाळा करण्याविषयीं परिपत्रक काढलें. कांहीं भागांत जुनी पद्धत आजहि आहे, पण बहुतेक देशानें ती सोडली. त्यांनीं टाकलेला अंगरखा आपण कां चढवावा?

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती विलायतेंतली नाहीं, याच मुंबईंतली आहे. 'प्रथम' या संस्थेनें महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नांवाचा उपक्रम चालविला होता. तिसरी-चौथीच्या वर्गांत जीं मुलें मागें पडलेलीं असत, तशीं पंधरावीस मुलें रोज सुमारें दोन तास वर्गाबाहेर नेत. त्यांना त्याच वस्तींतली, शाळा शिकलेली एक मुलगी वाचन व अंकगणित पायापासून शिकवी. तिला फार मोठा पगार नव्हता, किंवा तिच्याजवळ पदवीहि नव्हती. २००१ ते २००३ या काळांत मुंबईंत व बडोद्यांत अर्थशास्त्रज्ञांनीं या उपक्रमाची बारकाईनें पाहणी केली. त्यांतले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना पुढें २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पाहणींत असें दिसलें कीं, बालसखीकडे गेलेल्या मुलांची चांगली प्रगति झाली. आणि तितकीच ध्यानांत ठेवण्यासारखी दुसरी गोष्ट अशी कीं, तीं मुलें बाहेर गेल्यामुळें वर्गांत जीं मागें राहिलीं त्यांना, वर्ग लहान झाला तरी, म्हणण्यासारखा फायदा झाला नाहीं.

वाचकहो, यावर नीट विचार करा. वर्गांतून थोडीं मुलें बाहेर काढलीं तर मागें राहिलेल्यांचें फारसें बदलत नाहीं. जीं बाहेर जातात त्यांना मात्र लाभ होतो. मग बाहेर काढून वेगळें शिकवायला एकच खोली व एकच माणूस असेल, तर तो कोणाला द्यावा? ज्याच्या घरीं शिकवणी आहे त्याला, कीं ज्याला सहावींत येऊनहि धडा वाचतां येत नाहीं त्याला? बैलगाडी चिखलांत रुतली तर आपण पुढचा बैल सोडून बाजारला पाठवीत नाहीं. रुतलेल्या चाकाला खांदा लावतों. बालसखीचे वर्ग तिसरी-चौथीचे होते, आणि सहावी-सातवीला गणित, विज्ञान, भाषा यांचे जाणते शिक्षक लागतात, हें मला कळतें. पण मागें पडलेल्याला आधीं हात द्यावा, हें तत्त्व इयत्ता वाढल्यानें खोटें होत नाहीं.

मीं स्वतः आमच्या लहान शाळेंत हा प्रयोग करून पाहिला. पांचवींतलीं जीं मुलें अडखळत वाचीत, त्यांना मधल्या सुटींनंतर तासभर वेगळें बसवूं लागलों. गांवांतलीच एक बारावी झालेली मुलगी मदतीला येई. कोणाला मागासलेला म्हटलें नाहीं. 'वाचनाचा तास' एवढेंच नांव ठेवलें. वर्षअखेर त्यांतलीं बहुतेक मुलें वर्तमानपत्र वाचूं लागलीं. आणि ज्यांना मी मंद समजत होतों, त्यांतलीं दोघेंतिघें गणितांत माझ्या 'हुशार' मुलांच्या पुढें गेलीं. वाचतां येत नव्हतें म्हणून उदाहरण कळत नव्हतें, बुद्धींत खोट नव्हती. त्या वर्षीं माझी चाळणी किती फाटकी होती हें मला दुसऱ्यांदां कळलें.

मग वेगानें शिकणाऱ्या मुलांचें काय? त्यांच्यासाठींहि करावें, पण दार बंद करून करूं नये. शनिवारीं शाळेंत गणिताचा, विज्ञानाच्या प्रयोगांचा, चित्राचा, सुतारकामाचा जादा तास ठेवा आणि ज्याला यावेंसें वाटेल त्याला येऊं द्या. शिष्यवृत्तीची तयारी बारांची न करतां सगळ्या वर्गाची करून घ्या. परीक्षेला कोण बसणार तें मागाहून ठरूं द्या. ही परीक्षा पूर्वीं चौथी-सातवीला होती, २०१६-१७ सालीं ती पांचवी-आठवीला नेली. इयत्ता कोणतीहि ठरो, तयारी सर्वांची झाली पाहिजे. आणि ज्या घरांत दहा बाय दहाच्या खोलींत सहा माणसें झोंपतात, त्या घरच्या मुलासाठीं संध्याकाळीं शाळेची एक खोली दिवा लावून उघडी ठेवा. मुंबईंत हुशारीला सर्वांत मोठी अडचण जागेचीच आहे.

आतां आपण काय करावयाचें? सभेंत टाळ्या वाजवून घरीं यावयाचें, कीं कांहीं मागावयाचें? शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक सरकारी व पालिकेच्या शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति असलीच पाहिजे, असें ठरविलें आहे. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार याच समितीला आहे. पुष्कळ ठिकाणीं या समितीच्या वहींत सह्या होतात, बैठक होत नाहीं. तुमचें नांव समितींत असेल तर पुढच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी लेखी विचारा. पहिली, प्रत्येक वर्गाचा पट किती व शिक्षक किती? दुसरी, इमारतींत किती खोल्या आहेत व त्यांतल्या किती कुलूप लावून पडल्या आहेत? तिसरी, आमचे शिक्षक वर्षांतले किती दिवस मतदारयाद्या व इतर कामांसाठीं वर्गाबाहेर होते? हीं उत्तरें बैठकीच्या वहींत लिहवून घ्या. पस्तीसांहून जास्त पट असेल तर दुसऱ्या शिक्षकाची मागणी आराखड्यांत घाला. मागणी करणें ही कृपा मागणें नव्हे. कायद्यानें जें दिलें तेंच मागणें आहे.

महापालिकेनें अलीकडे केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या नव्या शाळा काढल्या. २०२० सालीं जोगेश्वरीच्या पूनमनगरला आरंभ झाला, आणि २०२१ सालीं मुलुंडचें मिठागर, घाटकोपरजवळचें राजावाडी अशा ठिकाणीं आणखी निघाल्या. जागांपेक्षां अर्ज जास्त आले म्हणून प्रवेश सोडतीनें दिले. सोडत ही कांहीं मोठी आनंदाची गोष्ट नाहीं. चांगली शाळा चिठ्ठीवर मिळावी हें लाजिरवाणेंच आहे. तरी तिनें एक गोष्ट सिद्ध केली. कष्टकऱ्यांच्या मुलांना पालिकेची शाळा नको असते, असें जें म्हणत त्यांचें तोंड बंद झालें. शाळा चांगली केली कीं लोक रांगा लावतात. मग चांगली शाळा थोड्यांसाठीं कां ठेवावी?

आतां त्या बाईला उत्तर. बाई, तुमची पोर त्या दहांत असेल कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. ती चलाख आहे. टोपलींतल्या मासळीचा भाव ती तुमच्या आधीं सांगते, हें मीं धक्क्यावर पाहिलें आहे. पण परीक्षेच्या दिवशीं पहाटे ती तुमच्याबरोबर बाजारांत असेल, आणि ज्या मुलीशीं तिची चढाओढ होईल ती आदल्या रात्रीं शिकवणीहून येऊन वेळेवर निजलेली असेल. दहांत ती असलीच, तर तिच्या बांकावरच्या दोघींचें काय, हा प्रश्न तुम्ही मला पुन्हां होडींत विचाराल. नसली, तर तिला त्या सुताराच्या मुलासारखें वाटेल. म्हणून तुमची पोर दहांत असावी असें मी मागणार नाहीं. तिच्या सत्तरांच्या वर्गाचे पस्तीस-पस्तीसांचे दोन वर्ग व्हावे, त्या दोन्ही वर्गांत मास्तर असावा व मागच्या बांकावरून फळा दिसावा, एवढें मी मागणार आहें. पुढच्या बैठकीला मी येतों. तुम्हीहि या, आणि आपल्या शेजारणीलाहि घेऊन या.

— खाडीपलीकडचा एक मास्तर